आपट्याहून गारंबीपर्यंत

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसायनी मागे पडले की आपटा हे लहानसे स्थानक येते. लांब पल्ल्याच्या गाड्या येथून धडधडत निघून जातात. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाचा अखेरचा प्रसंग या स्थानकावर चित्रित झाला, त्यामुळे बाहेरगावची तरुण मंडळी अजूनही फलाटावर छायाचित्रे काढण्यासाठी येतात. गावालगत पाताळगंगा वाहते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी तिला मिळत असल्याने भर उन्हाळ्यातही तिची धार तुटत नाही. पश्चिमेला कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा असतो. या गावात गेली सव्वीस वर्षे माझा दवाखाना आहे.

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या ज्येष्ठांच्या बोलण्यात एक शब्द मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. तो शब्द म्हणजे 'पुढच्या वर्षी'. पुढच्या वर्षी मुलाला रजा मिळेल, गुडघे जरा बरे होतील, मग कुठेतरी जाऊन येऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हृदयविकारासाठी माझ्याकडे नियमित येत असत. त्यांनी एका फेब्रुवारीत मला विचारले होते, "डॉक्टर, मुरुडला दोन दिवस जाऊन येऊ का? समुद्र बघून फार दिवस झाले." त्यांची प्रकृती तेव्हा स्थिर होती. तरीही मी सावधपणे म्हटले, "उन्हाळा सरू द्या, मग बघू." ते वैशाखात गेले. भाद्रपदात त्यांच्या नावाने पान वाढले, तेव्हा त्यावर त्यांच्या आवडीचे सारे पदार्थ होते. समुद्र मात्र आता कोणालाच त्यांना वाढता येणार नव्हता. माझ्या त्या 'नको'मागे वैद्यकीय कारण किती होते आणि जबाबदारी टाळण्याची सोय किती होती, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस टोचत राहिला.

त्याच अस्वस्थतेतून गावातील ज्येष्ठांची दोन दिवसांची मुरुड सहल ठरली.

पितृपक्षातली सहल

दिवस ठरवताना आम्ही हवामानाचा विचार आधी केला. जून ते ऑगस्ट या काळात धबधबे पूर्ण भरात असतात, परंतु ज्येष्ठांसाठी तो काळ योग्य नव्हे. डोंगरात पाणी अकस्मात वाढते, खडकांवर शेवाळ माजलेले असते आणि समुद्रही खवळलेला असतो. ऑक्टोबर उजाडला की ऊन भाजू लागते आणि धबधब्यांची धार बारीक होत जाते. या दोहोंच्या मध्ये, गणपती विसर्जनानंतरचे सप्टेंबरचे अखेरचे दिवस सर्वांत सोयीचे असतात. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, ओढे वाहते असतात आणि समुद्र निवळू लागलेला असतो. त्यातच पितृपक्ष असल्याने निवासगृहे रिकामी असतात, वाहनही रास्त भाड्यात मिळते.

"पक्षात कशाला निघायचं?" अशी शंका एका आजींनी काढलीच. दुसऱ्या आजींनी तिचे निरसन केले. "गेलेल्यांसाठी पंधरा दिवस आहेतच. असलेल्यांसाठी दोन दिवस काढले म्हणून पितर काही रागवायचे नाहीत." या दुसऱ्या आजी शहात्तर वर्षांच्या, माहेर मुरुडचे. आईवडील गेले, भाऊ गेला, घर विकले गेले. जायचे तरी कोणाकडे, या विचाराने अकरा वर्षांत त्यांनी माहेरच्या गावात पाऊल टाकले नव्हते.

सतरा ज्येष्ठ, त्यांची काळजी घेणारे चार नातलग, मी आणि चालक असा आमचा मेळा जमला. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि वजन पाहिले. हृदयविकार असलेल्यांचा ईसीजी काढून त्याची प्रत सोबत घेतली. प्रत्येकाच्या खिशात नाव, आजार, औषधे आणि नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवले. दोघांना मी स्पष्ट नकार दिला. एकांना नव्याने छातीत दुखू लागले होते, तर दुसऱ्यांना बसल्या जागी धाप लागत होती. सहलीला जाऊ देणे हे जसे डॉक्टरांचे काम आहे, तसे कारण सांगून थांबवणे हेही त्यांचेच काम आहे. केवळ वय हे मात्र ते कारण असू शकत नाही.

प्रवाशांसाठी मी चौदा सूचनांचा एक कागदही छापून वाटला होता. त्यात औषधे, चपला, काठी, टोपी, चष्मा असे सारे काही होते. या कागदाचा मला थोडा अभिमानही वाटत होता. तो फार वेळ टिकला नाही.

खारपाडा ते काशीद

सकाळी सहा वाजता मिनीबस निघाली. खारपाड्याला महामार्गाला लागून आम्ही पेणला पोहोचलो. गणेशमूर्तींच्या या गावात नुकताच उत्सव सरल्यामुळे कारखान्यांतून शांतता होती. तेथे न्याहारी केली. वडखळला कोकणाची वाट सोडून अलिबागकडे वळलो, धरमतरचा पूल ओलांडला आणि पोयनाड, कार्लेखिंड करीत साडेनऊच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो.

समोर पाण्यात कुलाबा किल्ला होता. ओहोटीला या किल्ल्यापर्यंत पायी जाता येते, भरतीला नावेतून जावे लागते. आम्ही वाळूत खुर्च्या टाकून किल्ला दुरूनच पाहिला. दर्यावर दरारा असणाऱ्या कान्होजी आंग्रे यांची समाधी याच गावात आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आल्यावर तेथील चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली गेली. हे ऐकून एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "म्हणजे गोंगाटापासून लांब, शांत जागी राहायला आलेली ही पहिली ज्येष्ठ नागरिक!" वाळूत हशा पिकला.

पुढे चौल, रेवदंडा आणि कुंडलिका नदीवरचा पूल. पलीकडे साळाव, आणि मग उजव्या हाताला समुद्रात घुसलेली कोर्लईची टेकडी. या कोर्लई गावात पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली आजही घराघरांतून बोलली जाते. रस्ता समुद्राला बिलगून जाऊ लागला तसे गाडीतले बोलणे थांबले आणि सारे खिडकीबाहेर पाहू लागले. मुरुडच्या आजी तर खिडकीचा गज धरून बसल्या होत्या.

साडेअकराला आम्ही काशीदला सुरूच्या बनात थांबलो. आजी आसनावरून उठल्या, दारापर्यंत आल्या, पायरीवर थबकल्या आणि त्यांच्या सुनेच्या अंगावर कोसळल्या.

एक न विचारलेला प्रश्न

सावलीत चटई टाकून त्यांना आडवे केले, पाय उंच ठेवले. त्या शुद्धीवर होत्या. छातीत दुखत नव्हते, चेहरा वाकडा नव्हता, दोन्ही हात सारखे उचलता येत होते, बोलणे स्पष्ट होते. साखर ११८ होती. आडवे असताना रक्तदाब १०४/६० आला. हळूच बसवून मोजला तेव्हा तो ८२/५० पर्यंत घसरला. नाडी जलद होती, जीभ कोरडी होती.

"आजी, सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

त्यांनी नजर चुकवली. सून म्हणाली, "पहाटे अर्धा कप चहा घेतला, बस." सकाळची रक्तदाबाची गोळी मात्र आजींनी न चुकता घेतली होती. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. शरीरातून पाणी जात होते आणि आत काहीच येत नव्हते. त्यात साडेपाच तासांचा प्रवास, दमट हवा, आणि मग एकदम उठून उभे राहणे.

"पाणी का नाही प्यायलात?" मी विचारले.

"पिऊन जायचं कुठं, बाई? पेणला बघून आले मी. खाली बसायचं होतं. माझे गुडघे वाकत नाहीत. आणि सतरा माणसं खोळंबली असती."

वाचकहो, मी स्वतः स्त्री आहे, वयाची पन्नाशी ओलांडलेली आहे आणि या आजींच्या गुडघ्यांची क्ष-किरण छायाचित्रे मी स्वतः पाहिलेली आहेत. तरीही माझ्या चौदा सूचनांत स्वच्छतागृहाचा उल्लेख नव्हता. पेणचे ठिकाण मी तेथील न्याहारी चांगली मिळते म्हणून निवडले होते. हा दोष सर्वस्वी माझा होता.

क्षारसंजीवनी घोटघोट पाजणे सुरू केले. पुढचा प्रश्न होता परत फिरण्याचा. पनवेलहून आजींच्या मुलाचा दूरध्वनी आला. "डॉक्टर, आईला घेऊन परत या," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता आणि त्याचे काहीच चुकत नव्हते. माझ्याही मनात तेच आले होते. पण आजींनी माझा हात धरला. "बाई, आज परत नेलंत तर मी पुन्हा घराबाहेर पडायची नाही. मुलगा निघू देणार नाही आणि मलाही धीर होणार नाही."

मी मुलाला सारे समजावून सांगितले. अलिबाग तेथून मागे तीसएक किलोमीटरवर होते, मुरुड पुढे त्याहून जवळ होते. जवळच्या रुग्णालयात जाणे हेच वैद्यकीयदृष्ट्या योग्य होते आणि ते पुढच्या दिशेने होते. तेथे ईसीजी काढू, तपासणी करू, काही शंकास्पद आढळले तर रुग्णवाहिकेने परत आणू, नाही आढळले तर आईला तिचे गाव बघू दे, असे मी म्हटले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सोबत आहात ना? मग चालेल."

मुरुडच्या रुग्णालयात ईसीजी आधीच्या ईसीजीसारखाच निघाला. सलाइन लावले. दोन तासांत लघवी झाली, रक्तदाब १२४/७४ वर आला आणि आजी भुकेची तक्रार करू लागल्या. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मुरुडची संध्याकाळ

मुरुड हे नारळीपोफळीच्या वाड्यांतून वसलेले गाव आहे. अरुंद रस्ता, उतरत्या छपरांची घरे, घरांमागे वाडी आणि वाडीमागे थेट समुद्र. किनाऱ्यावरून पाहिले की शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह देण्यासाठी बांधलेला पद्मदुर्ग पाण्यात दिसतो. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत मुरुड ही सिद्दी नवाबांची राजधानी होती.

सूर्यास्तानंतर निवासगृहाच्या अंगणात मी सर्वांना एकत्र बसवले नाही. एकेकाशी स्वतंत्र बोलले. तो एका आजींचा प्रश्न नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले. निम्म्याहून अधिक मंडळींनी सकाळपासून पाणी जाणूनबुजून टाळले होते. हृदयविकाराच्या एका काकांनी लघवीची गोळीच घेतली नव्हती. "गाडी थांबवायला सांगायची लाज वाटते," ते म्हणाले. त्यांच्या पायांवर दाबल्यावर खळगा पडत होता. आणखी दोन दिवस हे असेच चालले असते तर रात्री धाप लागून उठण्याची पाळी त्यांच्यावर आली असती. एका काकांना गाडी लागू नये म्हणून शेजाऱ्याने उलटीची गोळी दिली होती. त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता, आणि अशा गोळ्यांपैकी काहींनी लघवी अडकते, गुंगी येते, क्वचित भ्रमही होतो. सुदैवाने ती गोळी त्यांच्या खिशातच राहिली होती.

त्याच रात्री आम्ही दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम नव्याने आखला. आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहायचे, मग प्रेक्षणीय स्थळ. निवासगृहाच्या मालकांनी ओळखीतून एक घडीची कमोड खुर्ची मिळवून दिली आणि ती गाडीच्या मागच्या भागात विराजमान झाली. चालकाला सांगून ठेवले की दर सव्वा तासाला, कोणी मागितले नाही तरी, गाडी थांबेल. मागावे लागत नाही तेव्हाच संकोच संपतो.

काळजी घेणाऱ्या वाचकांसाठी त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगते. आमच्यात स्मृतिभ्रंश असलेले एक आजोबा पत्नीसह आले होते. अशा रुग्णांना परक्या जागी, विशेषतः संध्याकाळनंतर, गोंधळल्यासारखे होते. ते रात्री दोनला उठले आणि 'घरी जायचंय' म्हणत दार उघडू लागले. आम्ही मंद दिवा लावून ठेवला होता, घरची चादर आणि उशी आणली होती आणि रात्रीच्या पाळ्याही लावल्या होत्या. पाळीवरच्या गृहस्थांनी त्यांना 'घर इथं नाही' असे एकदाही म्हटले नाही. "उजाडलं की निघू, तोवर जरा पडा," असे म्हणत ते त्यांच्याजवळ बसून राहिले. आजोबा झोपले. त्यांची पत्नी तर उठलीच नव्हती. सकाळी ती म्हणाली, "तीन वर्षांनी पहिल्यांदा सलग झोपले." समूहाने प्रवास करण्याचे फळ म्हणतात ते हेच.

गारंबी

मुरुडच्या परिसरात पावसाळ्यानंतर वाहणारे दोन धबधबे लोकांच्या तोंडी असतात, सवतकडा आणि गारंबी. सवतकड्यासाठी रानातून बरीच पायपीट करावी लागते, म्हणून तो आम्ही सोडला. गारंबी गावाजवळच, डोंगराच्या कुशीत आहे. नवाबाच्या काळात येथे धरण बांधून मुरुडला पाणी नेण्यात आले. वाहन थांबते तेथून पुढे झाडीतली पायवाट लागते. दोन्ही बाजूंना ओली हिरवी सावली, पायांखाली कुजलेल्या पानांचा वास आणि दुरून येणारा पाण्याचा एकसुरी आवाज.

आम्ही तीन गट केले. ज्यांची चाल चांगली होती ते काठी घेऊन धारेच्या समोरपर्यंत गेले. मधल्या गटाने निम्म्या वाटेवर ओढ्याकाठी बैठक मारली. उरलेल्यांनी सुरुवातीलाच खुर्च्या टाकल्या. तेथूनही पाण्याचा आवाज ऐकू येत होता आणि झाडीतून थंड वारा येत होता. कोणालाही 'अजून थोडंच आहे, चला' असा आग्रह करायचा नाही, असा नियम होता. ज्येष्ठांच्या सहलीत पडण्याचे प्रसंग बहुधा या 'थोडंच आहे' नंतर येतात.

पाण्यात कोणी उतरले नाही. धारेखाली उभे राहण्याचा मोह तरुणांनाही नडतो, कारण वरून पाण्याबरोबर दगडही येऊ शकतात. ओढ्याचे स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, त्यात काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वर कोठेतरी पाऊस झाला आहे असे समजून तत्क्षणी उंचावर यावे, असे मी सर्वांना आधीच सांगितले होते. पायाला जखम असलेल्यांनी चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात पाय घालू नये हेही सांगितले होते, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शिरतात.

आजी मधल्या गटात होत्या. खडकावर घडी केलेले ब्लँकेट, त्यावर त्या आणि शेजारी सून. खूप वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, "आमच्या लहानपणी नळाला यायचं ना, ते हेच पाणी. बाबा म्हणायचे, मुरुडची माणसं गोड बोलतात, कारण ती गारंबीचं पाणी पितात." थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, यातलं एक घोट पिऊ का?"

काल ज्या बाईंना पाण्याचा घोट पाजण्यासाठी मला विनवण्या कराव्या लागल्या, त्याच आज पाणी मागत होत्या आणि मला नाही म्हणावे लागत होते. ओढ्याचे कच्चे पाणी कितीही नितळ दिसले तरी मी ते कोणालाही पिऊ देणार नव्हते. पण निवासगृहातल्या नळाला याच धरणाचे पाणी येते, हे मालकांनी सांगितले होते. त्यांनी सकाळी ते उकळून आमच्या बाटल्या भरून दिल्या होत्या. मी बाटली पुढे केली. "आजी, हे गारंबीचंच आहे. फक्त उकळलेलं."

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, डोळे मिटून, सगळा पेला रिकामा केला. मग दुसरा मागितला.

जंजिरा, किनाऱ्यावरून

दुपारनंतर राजपुरीला गेलो. येथील धक्क्यावरून जंजिऱ्याकडे शिडाच्या होड्या सुटतात. शिवाजी महाराजांना जो घेता आला नाही आणि ज्याच्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात सेतू घालण्याचा प्रयत्न केला, तो हा सिद्दीचा अजिंक्य किल्ला. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत मात्र गोड्या पाण्याची मोठी तळी, हे त्याचे आश्चर्य. किल्ल्याच्या दारापाशी होडी लाटांवर हलत असते आणि उतरताना पायरीवर नेमके पाऊल टाकावे लागते. ज्यांचे गुडघे किंवा तोल साथ देत नाहीत त्यांच्यासाठी ते धोक्याचे आहे. आम्ही किनाऱ्यावर बसलो. निवृत्त शिक्षकांनी अर्धा तास किल्ल्याचा इतिहास सांगितला. जवळ न जाताही जंजिरा पाहून झाला, असे सर्वांचे मत पडले.

तेथे शहाळी आली. येथेही एक सूचना. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाची किंवा हृदयाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी, शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारल्याविना भरपूर पिऊ नये, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. सुकी मासळी आणि लोणची खारट असतात. हृदयविकार आणि रक्तदाब असलेल्यांनी त्यांची चव घ्यावी, पानभर वाढून घेऊ नयेत.

रात्री साडेनऊला आपट्याला परतलो. गाडी वाटेत चार वेळा थांबली होती आणि एकाही वेळी कोणाला मागावे लागले नव्हते.

तुम्ही निघाल तेव्हा

माझा तो कागद मी फाडला आणि नवा लिहिला. त्यातील मुख्य मुद्दे येथे देते.

१. थांबे स्वच्छतागृह पाहून ठरवा. ते बैठे आहे की कमोडचे, पायऱ्या किती, आधाराला दांडा आहे का, हे आधी दूरध्वनी करून विचारा. शक्य असल्यास घडीची कमोड खुर्ची सोबत ठेवा.

२. लघवीची गोळी मनाने बंद करू नका आणि पाणी तोडू नका. गोळीची वेळ मुक्कामी पोहोचल्यानंतरची करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. अनेकांच्या बाबतीत ते शक्य असते. ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे त्यांनी ते माप पाळावे. इतरांनी थोडे थोडे, पण नियमित प्यावे.

३. दीर्घ बैठकीनंतर एकदम उठू नका. आधी टाचा वर-खाली करा, पाय हलवा, मिनिटभर ताठ बसा, मग आधार धरून उभे राहा.

४. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवा आणि दोन दिवसांची जादा घ्या. इन्शुलिन बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

५. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, घाबरे होणे अशी लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. वाळूत अनवाणी चालू नका आणि रोज रात्री तळपाय तपासा, कारण बधिर पायाला चटका किंवा शिंपल्याची जखम कळत नाही.

६. छातीत दुखणे, चेहरा वा हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर सहल तेथेच थांबवा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

७. गट ज्याच्या चालीने सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने कार्यक्रम आखा. आणि जो सर्वांत कमी मागतो, त्याला सर्वांआधी विचारा.

मुलांनो आणि सुनांनो, तुमच्या घरातले वडीलधारे जेव्हा म्हणतात, 'मला नाही यायचं, तुम्ही जा', तेव्हा त्याचा अर्थ नेहमी 'इच्छा नाही' असा नसतो. पुष्कळदा त्याचा अर्थ 'माझ्यामुळे तुमचा खोळंबा होईल' असा असतो. त्यामागे गुडघा असतो, लघवी असते, दात असतात, श्रवणयंत्र असते. ते नेमके काय आहे हे एकांतात, लाज न वाटेल अशा शब्दांत विचारा. उत्तर मिळाले की बहुतेक वेळा उपायही मिळतो, आणि तो फार महागही नसतो.

दसऱ्याला आजी दवाखान्यात आल्या. हातात आपट्याचे पान होते. आपट्यात राहून आपटा वाटायचा, हा आमच्या गावाचा नेहमीचा विनोद झाला. त्यांनी पान माझ्या हातावर ठेवले, रक्तदाब मोजून घेतला आणि पर्समधून पाण्याची बाटली काढून दाखवली. ती अर्धी रिकामी होती.

"सकाळपासून एवढं प्यायलेय," त्या म्हणाल्या. "आता सांगा, पुढची सहल कधी? पुढच्या वर्षी नको. यंदाच्या थंडीतच."

मी दिनदर्शिका काढली आणि त्यांच्यासमोरच तारखेवर खूण केली.